भीमसेनरावांची लेन

६ जानेवारी २०२५, सोमवार

आजपासून म्हैसूरबाहेर, बेळगोळच्या कारखान्यात. ऑफिसची गाडी सकाळी साडेनऊला कारखान्याच्या फाटकाशी सोडणार आणि साडेपाचला परत म्हैसुरात, हेब्बाळला आणणार. देवेशने, म्हणजे आमच्या साहेबाने, तीन आठवडे दिलेत.

कारखाना रबराच्या सीलचा. कुकरच्या रिंगांपासून डेअरीच्या पाइपांत बसतात त्या वाटोळ्या चकत्यांपर्यंत सगळं. एकशे दहा माणसं. मालक कार्तिकेय, वय चौतीस, दोन वर्षांपूर्वी वडिलांकडून कारखाना हातात आला. त्याला सॉफ्टवेअर हवंय. माझं काम त्याच्या आधीचं. कोण काय करतो, कुठे थांबतो, कुठे ठरवतो, हे आमच्या चित्रभाषेत मांडायचं. काम म्हणजे चौकोन. निर्णय म्हणजे शंकरपाळं, त्यातून दोन बाण निघतात, एक हो आणि एक नाही. प्रत्येक काम करणाऱ्याला एक आडवी पट्टी, तिला लेन म्हणायचं. या चित्रावरूनच पुढे सॉफ्टवेअर बनतं.

सतरा वर्षं ही भाषा लिहितेय. मराठीपेक्षा तुला तीच बरी येते, असं निशांत म्हणाला होता. तेव्हा तो अजून नवरा होता. या भाषेत एका खुणेचा एकच अर्थ असतो, म्हणून मला ती आवडते.

मुलाखतींची वही वेगळी आहे. अहवालात घालता येत नाही ते इथे लिहायचं.

७ जानेवारी, मंगळवार

न्हाणीघराचा नळ गळतोय. सकाळी निघताना खाली सीतालक्ष्मी मावशींना सांगितलं. मावशी घरमालकीण, निवृत्त शिक्षिका, त्यांचं मराठी घराणं कितीतरी पिढ्या म्हैसूरलाच. "झालं झालं," म्हणाल्या. संध्याकाळी येऊन बघते तर नळ तसाच. विचारलं तर पुन्हा, "झालं की!" काही न करता झालं म्हणायचं, तेही हसतमुखाने. इथल्या गोड बोलण्याचा मला कधीकधी वीट येतो.

९ जानेवारी, गुरुवार

नळवाला आज आला. असो.

कारखान्यात आज तपासणीची खोली. भीमसेनराव, वय सत्तावन्न, एकोणतीस वर्षं इथे. भट्टीतून निघालेल्या प्रत्येक लॉटची तपासणी त्यांच्याकडे. मी मराठी आहे कळल्यावर माणूस खुर्चीतून अर्धा उठला.

"या की मॅडम, बसा. आमचे पणजोबा आले इकडे, अरमनेत, राजवाड्यात होते. आता कारखान्यात मराठी म्हणजे मी आणि भट्टीवरचे संताजीराव, दोघंच. आमचं मराठी असं मोडकंतोडकं, तुम्ही हसायचं नाही, अल्वा?"

मी हसले नाही. विचारलं, "प्रत्येक लॉट तुम्ही तपासता का?"

"मग? तपासल्याबिगर कसं सोडायचं?"

"कसा तपासता?"

"कसा म्हणजे... बघायचं. गोत्तागुत्ते."

गोत्तागुत्ते म्हणजे कळतं. 'कळतं' याला आमच्या भाषेत खूण नाही. मुलाखत सोडून दिली. उद्यापासून त्यांच्या खोलीत बसून जे घडतं ते नोंदवणार.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. मावशींनी तीळ, गूळ, खोबरं आणि दाणे एकत्र केलेली पुडी दिली. इथली पद्धत. मी मागच्या वर्षीसारखीच रिकाम्या हाताने उभी.

१५ जानेवारी, बुधवार

भीमसेनरावांच्या खोलीत चौथा दिवस. घडतं ते असं: संताजीराव दार ढकलून सांगतात, "भीमसेना, लॉट काढला बघ." भीमसेनराव रजिस्टरातून मान वर न करता म्हणतात, "झालं." संताजीराव जातात. ट्रे तयार मालाच्या खोलीत जातो. सगळं मिळून दोन सेकंद.

मी स्वतः एकदा विचारून बघितलं, "दुपारचे चार लॉट आलेत, तपासता ना?"

"झालं मॅडम," म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. चारांपैकी एकाही ट्रेजवळ ते गेलेले नव्हते.

रजिस्टरात मात्र आदल्या दिवशीच्या प्रत्येक लॉटपुढे सही असते. मी सकाळी पोचते तेव्हा ती झालेली असते. टेबलाखाली एक लाल क्रेट आहे, त्यात रोज थोड्या चकत्या पडलेल्या दिसतात. कातरकामाचं भंगार असावं. माणसाची नखं सकाळी साडेनऊलाही काळी असतात. स्वच्छतेबद्दल शेरा लिहावा का, ठरवलं नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

आकडे: त्रेचाळीस लॉट, त्रेचाळीस वेळा 'झालं'. खुर्चीतून उठले दोनदा, दोन्ही वेळा चष्मा शोधायला.

फाटकावरच्या नोंदवहीत एक गंमत सापडली. बाकी लोक साडेआठला येतात, भीमसेनराव सहा वीसला. सहा वीसला भट्टीच पेटलेली नसते. घरी करमत नसेल. प्रक्रियेशी संबंध नाही, म्हणून वगळलं.

एकोणतीस वर्षं माणूस पाट्या टाकतोय आणि कुणाच्या लक्षात आलेलं नाही. मला राग आला नाही, थोडं आश्चर्य वाटलं. माणूस गोड आहे. घरून एका डब्यात माझ्यासाठी चिवडा आणतो.

२४ जानेवारी, शुक्रवार

आज चित्र दाखवलं. मोठ्या पडद्यावर सात लेन. सगळ्यांत रिकामी तपासणीची: एकच चौकोन, 'मंजुरी', आणि शंकरपाळं एकही नाही. ज्या लेनमध्ये एकही निर्णय नाही ती लेन चित्रात कशाला हवी, हा प्रश्न मी मांडला नाही. चित्रच तो मांडतं.

कार्तिकेयने तो लगेच पकडला. त्याचं-माझं बोलणं इंग्रजीत आणि कन्नडात होतं, इथे मराठीत उतरवतेय. "म्हणजे हे काहीच तपासत नाहीत?"

"मी सहा दिवस बसले. एकदाही नाही."

"मग भट्टीचं तापमान आणि वेळ बरोबर असली की सॉफ्टवेअरनेच मंजूर का करू नये?"

"करता येईल," मी म्हणाले.

भीमसेनराव मागच्या खुर्चीत होते. इंग्रजी त्यांना जेमतेम कळतं. शेवटी माझ्याजवळ आले आणि पडद्याकडे बोट करून म्हणाले, "ती एक डबी माझी?"

"हो."

"बरी काढलीय." आणि डोळे बारीक करून बघत राहिले. चित्र आवडलं असावं.

३ फेब्रुवारी, सोमवार

तपासणीची लेन काढून टाकली. भीमसेनरावांना फाटकाजवळच्या खोलीत बसवलंय, आत येणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायला. जागा सध्या आहे, पुढे कॅमेरा बसला की तीही राहणार नाही, असं कार्तिकेय म्हणाला. म्हणजे त्यांची नोकरी गेली तर ती माझ्या चित्रामुळे जाणार आहे. देवेश म्हणतो, आपण फक्त आरसा धरतो. बरोबर आहे. मी सहा दिवस बसून पाहिलं होतं, ऐकीव काहीच लिहिलेलं नाही.

गाडी फाटकातून आत शिरली तेव्हा त्यांनी तिचाही नंबर लिहून घेतला आणि मला हात केला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सॉफ्टवेअर सुरू झालं. लॉट भट्टीतून निघाला की पडद्यावर हिरवा होतो. फार सुबक.

११ मार्च, मंगळवार

डेअरीकडून दोन लॉट परत आले. सील पाइपात बसवल्यावर आठ दिवसांत मऊ पडले, दूध गळायला लागलं. कार्तिकेयने देवेशला फोन केला आणि देवेशने मला. डेअरीची माणसं मेच्या तिसऱ्या आठवड्यात कारखाना बघायला येणार आहेत. तोवर हे निस्तरलं नाही तर गिऱ्हाईक जाणार.

"मॉडेलमध्ये चूक आहे का?" देवेशने विचारलं.

मी नाही म्हणाले. मी वही पुन्हा उघडली, त्रेचाळीस नोंदी पुन्हा वाचल्या. चूक सापडली नाही. जे दिसलं तेच काढलंय.

१२ मार्च, बुधवार

मी मूर्ख आहे. सविस्तर लिहून ठेवते.

सकाळी निघताना मावशींना सांगितलं, पाण्याची मोटर रात्रभर घरघरते, कुणाला तरी दाखवा. मावशी म्हणाल्या, "झालं."

कालचा राग होताच. मी म्हणाले, "मावशी, कुठे झालं? आत्ता तर सांगतेय! न करताच झालं काय म्हणता प्रत्येक वेळी?"

मावशी गोंधळल्या. मग वर्गात एखाद्या ढ मुलीला समजावतात तशा आवाजात म्हणाल्या, "अगं, कन्नडात आयतु म्हणतात नव्हं? तेच की. झालं म्हणजे ऐकलं, कळलं, करते. काम झालं असं कोण म्हणालं?"

"मग काम खरंच झाल्यावर काय म्हणता?"

"झालं म्हणतो," मावशी म्हणाल्या. "बोलण्यावरून कळतं की."

मी जिन्यातच बसले. आयतु. कन्नडात फोनवर बोलताना मी स्वतः दिवसातून चाळीसदा आयतु म्हणते आणि त्याचा अर्थ बरं, ठीक आहे, एवढाच असतो. तोच शब्द मराठीत आल्यावर मला ओळखू आला नाही. इथल्या घरांत तो तसाच मराठी होऊन पिढ्यान्‌पिढ्या बोलला जातोय. माझी मराठी साताऱ्याची, आणि मराठी म्हणजे तेवढीच असं मी धरून चालले. त्रेचाळीस वेळा त्या माणसाने 'बरं, बघतो' म्हटलं आणि मी त्रेचाळीस वेळा लिहिलं, 'तपासणी पूर्ण'.

मग बघत कधी होता?

सहा वीस.

१३ मार्च, गुरुवार

ऑफिसच्या गाडीची वाट न बघता सव्वासहाला स्कूटरने बेळगोळला निघाले. भीमसेनराव फाटकाच्या खोलीत येऊन बसलेले होते. गाड्या आठच्या आधी येत नाहीत.

"तुम्ही लॉट कधी तपासत होता?"

"सकाळी. रबर रात्रभर निवायला पाहिजे नव्हं. गरम असताना सगळंच चांगलं दिसतं. सहा-वीसला यायचं, आठला ट्रक निघायच्या आत बघून सही करायची. खराब निघालं ते लाल क्रेटमध्ये टाकायचं."

"मला सांगितलं का नाही?"

"तपासता का म्हणून विचारलंत. मी हो म्हणालो. कधी म्हणून विचारलं नाहीत, मॅडम."

'झालं'चं सांगितलं. ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसले. "आणि मी म्हणतोय, ह्या रोज साडेनऊला येऊन सुम्ने, उगीच का बसतात! थंडीत सकाळी यायला होत नसेल, म्हणालो."

मला लाज वाटली. साधी, तोंड लपवावं अशी. ते हसत होते म्हणून जास्तच.

आता कशाला इतक्या लवकर येता, हे विचारायला नको होतं. "सवय," म्हणाले. तपासणीच्या खोलीची किल्ली आता त्यांच्याकडे नाही.

१४ मार्च, शुक्रवार

देवेशला सगळं सांगितलं. 'चूक' हा शब्द वापरू नकोस, 'नव्या माहितीनुसार सुधारित आवृत्ती' म्हण, असा सल्ला मिळाला. मी कार्तिकेयच्या खोलीत जाऊन सरळ म्हणाले, "चूक माझी. ते रोज तपासत होते. मी शब्दाचा अर्थ चुकीचा लावला आणि वेळ चुकवली."

त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पुन्हा काढा. ते काय बघतात, कसं ठरवतात, सगळं. काहीही सुटता कामा नये."

"ते परत तपासणीवर बसतील ना?"

"आधी चित्र येऊ दे."

हे मला रास्त वाटलं. लेन रिकामी दिसली म्हणून माणूस गेला, भरलेली दिसली की परत येईल.

१९ मार्च, बुधवार

चार दिवस रोज साडेसहाला. कार्तिकेयने किल्ली दिलीय. 'गोत्तागुत्ते'वर मी आता थांबत नाही, सोलत जाते. कशावरून कळतं? त्याआधी काय बघता? तसं नसेल तर?

मिळालं ते: चकती नखाने दाबायची, सोडल्यावर खूण लगेच जाते का. दुमडायची, दुमडीवर पांढुरकं पीठ फुटतं का. नाकाशी धरायची, गंधकाचा वास राहिलाय का. ट्रेच्या मधली घ्यायची, कडेची नाही, कारण भट्टी मधोमध कमी तापते. ही एवढी गोष्ट कारखान्यात कुणालाही माहीत नव्हती, भट्टीवरच्या संताजीरावांनाही नाही.

सात शंकरपाळी झाली. सतरा वर्षांत इतकी सुंदर लेन काढलेली नाही.

२४ मार्च, सोमवार

अकरा.

आज भीमसेनरावांनी कागद हातात घेऊन पहिल्यापासून बोट फिरवत वाचला. मग विचारलं, "हे पुरं केलं की वनजालाही जमेल?" वनजा कातरकामाच्या टेबलावर आहे, अकरा वर्षं. हाताला चांगली आहे.

"कुणालाही जमेल!" मी म्हणाले. "बाणामागून बाण जायचं फक्त. तेच तर या भाषेचं वैशिष्ट्य."

"असं," म्हणाले. चहा प्यायले. मी पुढचं विचारलं तर म्हणाले, आज राहू दे, उद्या सांगतो. थकलेले वाटले. वय आहे.

२५ मार्च, मंगळवार

उरलेलं सगळं सांगितलं, न विचारताही. कडेची चकाकी बघायची, दुमडताना कानाशी धरून आवाज ऐकायचा, आणि रबराची नवी गोणी उघडली असेल तर पहिले तीन लॉट दुप्पट बघायचे. चौदा शंकरपाळी. मी आनंदाने कागद त्यांच्यापुढे ठेवला. "आता काही राहिलं?"

"नाही," म्हणाले. "सगळं दिलं."

१ एप्रिल, मंगळवार

सादरीकरण. या वेळी भीमसेनरावांना बोलावलेलं नव्हतं. हे माझ्या लक्षात मी खोलीत शिरल्यावर आलं.

कार्तिकेय खूश. चौदाही शंकरपाळी एकेक करून समजून घेतली. मग म्हणाला, "हेच हवं होतं. एकोणतीस वर्षांचं ज्ञान एका पानावर. उद्यापासून वनजा तपासणीवर."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "आणि भीमसेनराव?"

"त्यांना किती वर्षं राहिलीत, तीन? वनजा वीस वर्षं राहील. फाटकावर कॅमेरा बसतोयच. ते स्वखुशीने निवृत्त होतायत, बोलणं झालंय."

"कधी झालं बोलणं?"

"परवाच्या आधीच्या रविवारी. म्हणाले, मॅडमचं काम होऊ दे, मग जातो."

तो रविवार म्हणजे तेवीस तारीख. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला वनजाबद्दल विचारलं होतं, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी उरलेलं सगळं सांगून टाकलं होतं. चोवीस तारखेच्या नोंदीत मी लिहिलंय, थकलेले वाटले, वय आहे.

देवेशने ऑफिसात पेढे वाटले. दुसऱ्या टप्प्याचं काम मिळालं.

३० एप्रिल, बुधवार

भीमसेनरावांचा शेवटचा दिवस. जेवणाच्या खोलीत हार, शाल, म्हैसूरपाक. हार संताजीरावांनी घातला.

मी भीमसेनरावांना बाजूला गाठून म्हणाले, "मी तुम्हाला परत आणायला निघाले होते. तुम्हाला माहीत होतं तर शेवटची तीन का सांगितलीत? राखून ठेवायची होती."

"राखून काय करू, मॅडम? घरी भोपळ्याला दाबून बघू?" मग म्हणाले, "मोठे मालक होते, त्यांनीही कधी विचारलं नाही, भीमसेना, कसं बघतोस म्हणून. तुम्ही दहा दिवस विचारलंत. मला बरं वाटलं."

चित्र अपुरं होतं तेव्हा ते फाटकावर गेले आणि पुरं झालं तेव्हा घरी. दोन्ही वेळा कागद माझा. मी फार वाईट काम केलं, आणि फार चांगलं केलं म्हणून केलं. घरी येऊन जेवले नाही.

९ मे, शुक्रवार

सकाळी सातला वनजाचा फोन, कन्नडात. "मॅडम, बाराव्या शंकरपाळ्यात लिहिलंय, चकाकी आहे का. कुठली चकाकी? तेलाची की रबराची? ट्रक आठला जाणार."

मला माहीत नव्हतं. मी कधी बघितलेलीच नाही, ऐकून लिहिली. भीमसेनरावांना विचार, मी म्हणाले.

"त्यांनाच विचारते रोज," वनजा म्हणाली. "आज ते लवकर उचलेनात म्हणून तुम्हाला केला."

१३ मे, मंगळवार

वनजाबरोबर दोन सकाळी उभी राहिले. अकरा शंकरपाळी तिला उत्तम जमतात. उरलेल्या तिनांशी आली की ती फोन लावते. ते तिकडून विचारतात, ती चकती वळवून सांगते, कधी फोन चकतीजवळ धरून आवाज ऐकवते. मग ते हो किंवा नाही म्हणतात. कधी दोन मिनिटं, कधी वीस. त्यांच्या घरचे लोक चहासाठी हाका मारतात तेही ऐकू येतं. कारखान्याचा माल रोज त्या हो-नाहीवर जातोय. कार्तिकेयला यातलं काही ठाऊक नाही.

डेअरीची माणसं सोमवारी येणार. त्यांना प्रक्रियेचं चित्र लागेल, जसं चालतं तसं. नियमच आहे.

१६ मे, शुक्रवार

कार्तिकेयला आठला बंगळुरूला निघायचं होतं, म्हणून त्याने मला सातला कारखान्यात बोलावलं. नवं चित्र त्याच्यापुढे ठेवलं.

आमच्या भाषेत लेनवर माणसाचं नाव लिहीत नाहीत, हुद्दा लिहितात. माणसं बदलतात. बाहेरच्याची मात्र वेगळी रीत आहे. गिऱ्हाईक, बँक, असं कुणी असलं की चौकटीबाहेर एक बंद, रिकामी पेटी काढायची. आत काय चालतं ते आपल्याला दिसत नाही, म्हणून आत काही काढायचं नाही. जाणारे-येणारे बाण तुटक. आणि त्या पेटीवर नाव लिहायला हरकत नसते.

कार्तिकेयचं बोट पेटीवर थांबलं. "हे काय?"

"भीमसेनराव."

"ते तर गेले."

"म्हणून बाहेर आहेत."

त्याने बाण मोजले. तीन जाणारे, तीन येणारे. "माझ्या मालावर शेवटचा निर्णय एक बाहेरचा माणूस घेतो, असं दिसतंय हे. डेअरीवाले काय म्हणतील? काढून टाका."

"काढते," मी म्हणाले, "पण मग या तीन ठिकाणी बाण कुठे जातो ते तुम्ही सांगा. मला जे दिसलं ते एकदा अर्धवट काढलं होतं. पुन्हा नाही काढणार."

देवेशला विचारलेलं नव्हतं.

कार्तिकेय खुर्चीत मागे टेकला. "आत घ्यायचं म्हटलं तर येतील का ते?"

"मला माहीत नाही. तुम्ही विचारा."

त्याने फोन उचलला, नंबर शोधला, लावला. बाईचा कन्नड आवाज मलाही ऐकू आला: आपण फोन केलेली व्यक्ती दुसऱ्या कॉलवर आहे. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"इतक्या सकाळी कुणाशी बोलतायत?"

मी काचेपलीकडे बघितलं. तपासणीच्या खोलीत वनजा उभी होती, फोन खांद्याने कानाशी दाबलेला, दोन्ही हातांनी एक चकती दुमडून उजेडात धरलेली. कार्तिकेयनेही तिकडे मान वळवली.

"किती वेळ लागेल?" त्याने विचारलं.

"लॉट कसा आहे त्यावर."

त्याने घड्याळ बघितलं. मग ड्रायव्हरला, गाडी आत्ता काढू नकोस, म्हणून सांगितलं आणि फोन टेबलावर ठेवला. आम्ही दोघं बसून राहिलो.